बर्मी अक्षरांची हजेरी

ताईंनी मला नोकरीवर ठेवलं तेव्हा माझी एकही मार्कशीट बघितली नाही. मी गिरगावातून बसने चिंचपोकळीला आले होते. निघताना आईने हातावर दही ठेवलं होतं, फाइलीत सगळे कागद नीट लावून दिले होते. ताईंनी फाइल बाजूला सारली, खांद्यावरचा नॅपकीन काढून कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "हं. लिही आता."

"काय लिहू?"

"मनात असेल ते. शिव्या असतील तर शिव्या लिही. फक्त पडदा बघायचा नाही."

मला रागच आला. मी लिहिलं, 'मला ही नोकरी हवी आहे, पण तुम्ही विक्षिप्त दिसता.' वाटलं होतं, त्या नॅपकीन उचलतील, वाचतील आणि मला हाकलतील. त्यांनी नॅपकीन तसाच ठेवला आणि एक बटण दाबलं. कॉम्प्युटरमधल्या बाईने माझं वाक्य खणखणीत आवाजात सगळ्या गाळ्याला ऐकवलं. पलीकडच्या टेबलावर संदेश म्हणून एक जण बसला होता, तो खाली मान घालून हसायला लागला. ताई शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. सोमवारपासून ये."

आमचं ऑफिस म्हणजे एका इंडस्ट्रियल इस्टेटीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. खाली बटणं बनवायचं यंत्र दिवसभर खडखडायचं, शेजारी पुठ्ठ्याचे खोके बनायचे. आणि मधे आम्ही तिघं लोकांचे जुने मजकूर नव्या पद्धतीत आणून द्यायचो. वर्षांपूर्वी कोणी तरी कुठल्या तरी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असायचं, ते आता कुठल्याच मशीनवर धड उघडायचं नाही, मग ते आमच्याकडे यायचं. ताई त्याला 'दवाखान्यात आणलं' म्हणायच्या.

ताई तेव्हा साठीच्या अलीकडे-पलीकडे असतील. बुटक्या, सुती साडी, पायात पुरुषी सँडल, चष्मा कायम डोक्यावर आणि कायम शोध चालू. परळच्या चाळीत वाढलेल्या. एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात बरीच वर्षं काढून, साहेबाशी भांडून बाहेर पडल्या होत्या. भांडण कशावरून झालं ते त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. साहेब मात्र तिन्ही वेळा गाढवच होता.

त्यांचं एक वाक्य होतं, "डोळे फितूर असतात." ते त्या इतक्या वेळा म्हणायच्या, की मी स्वप्नातसुद्धा ऐकलंय. कोणी म्हणालं, 'ताई, हा मजकूर बघा, छान दिसतोय,' की ते वाक्य आलंच. छान दिसणं हा त्यांच्या लेखी संशयाचा पहिला पुरावा होता. भायखळ्याच्या मार्केटमध्ये मी त्यांच्याबरोबर एकदा गेले आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. बाई डोळे मिटून एकेक भेंडी मोडून तिचा आवाज ऐकायची. भाजीवाला हात जोडून म्हणाला, "ताई, भेंडी घेताय का तिचं गाणं ठेवलंय?" ताईंनी मोडलेल्या सगळ्या भेंड्या विकत घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून आम्हाला खायला घातल्या. भाजी अप्रतिम होती, हेही सांगायला हवं.

आता जे त्यांचं खरं वेड, त्याबद्दल थोडं सांगावं लागेल. ते कळायला अवघड नाही. मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल.

कॉम्प्युटरला अक्षर ठाऊक नसतं, त्याला फक्त आकडा ठाऊक असतो. म्हणून जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना एकेक आकडा ठरवून दिलाय, आणि त्या सगळ्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. ताई आकडा म्हणायच्या नाहीत, खोली नंबर म्हणायच्या. आपला मराठी क नऊशे पंधरात राहतो. बर्मी क एक हजारात राहतो, चाळीतली पहिलीच खोली. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, "ताई, पण ते आपलं रोजचं एक हजार नाही, सोळाच्या हिशेबातलं आहे." तर म्हणाल्या, "चाळीत पत्ता सांगताना कोणी हिशेब मांडतं का गं?"

तर बर्मी लिपी. ताईंचा जीव तिच्यात अडकला होता. दिसायला सगळी वाटोळी अक्षरं, बांगड्यांच्या दुकानात उलथापालथ झाल्यासारखी. त्या लिपीत एक ए-कार आहे. तो कागदावर अक्षराच्या डावीकडे उभा दिसतो, पण तोंडातून निघताना आधी अक्षर निघतं आणि मग तो. आपल्या पहिल्या वेलांटीचं तसंच आहे. 'कि' लिहिलं की वेलांटी डावीकडे दिसते, पण बोलताना आधी क. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं साठवायचे, आधी वेलांटी आणि मग क. नव्या पद्धतीत जसं बोलतो तसं साठवायचं. आधी क, मग वेलांटी. तिला उचलून डावीकडे नेऊन उभी करायचं काम मशीनचं. बर्मीतही नियम हाच. अक्षर आधी, ए-कार मागून. तो राहतो दहा-एकतीस नंबरात.

"म्हणजे दिसतो पुढे आणि असतो मागे," मी म्हटलं.

"वरातीत घोडा पुढे असतो. म्हणून लग्न घोड्याचं असतं का?" ताई म्हणाल्या.

ब्रह्मदेशातही आपल्यासारखाच गोंधळ होऊन गेला होता. तिथे एक जुना फॉन्ट घराघरात पोचला होता आणि त्यात सगळं दिसेल तसं साठवलेलं. वर कहर म्हणजे, त्याच चाळीतल्या ठरलेल्या खोल्यांमध्ये भलतीच बिऱ्हाडं बसवलेली. त्या फॉन्टमध्ये उघडलं तर मजकूर सुंदर दिसायचा, दुसरीकडे उघडलं तर नुसता चिवडा. ताई त्या फॉन्टबद्दल बोलायला लागल्या की खालचं बटणांचं यंत्रसुद्धा ऐकू यायचं नाही.

त्यांचा हा हट्ट फक्त बर्मीपुरता नव्हता. लालबागच्या एका मंडळाचा कार्यकर्ता वार्षिक अहवाल घेऊन आला होता, जुन्या मराठी फॉन्टमधला. त्याला घाई होती. "ताई, फक्त जाहिरातीची पानं जोडा आणि द्या. दिसतंय ना बरोबर? मग झालं."

ताई म्हणाल्या, "मूर्ती दिसायला लागली की झालं, असं म्हणता का तुम्ही? मग प्राणप्रतिष्ठेला भटजी कशाला बोलावता?"

तो पोरगा चकित झाला. "ताई, तुम्ही तर बौद्ध. तुम्हाला काय करायचीय प्राणप्रतिष्ठा?"

"मला नाही करायची. तुझ्या अहवालात करायचीय. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्याने तो अहवाल मोबाईलवर उघडला, त्यात स्वतःचं नाव शोधलं आणि ते चटकन सापडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहवालाचा उपयोग कळला असावा. तेव्हापासून मंडळाचे पेढे आमच्या गाळ्यात न चुकता येतात.

डोळे फितूर, म्हणून मग ताईंनी हजेरीची पद्धत काढली होती. कुठलाही मजकूर बाहेर जाण्याआधी त्याची हजेरी व्हायची. म्हणजे काय, तर मशीनने आत साठवलेले खोली नंबर एकाखाली एक छापून घ्यायचे. एकाने ते मोठ्याने वाचायचे. दुसऱ्याने मूळ पानावर एकेका अक्षराला पेन्सिल टेकवत ऐकायचं आणि 'हजर' म्हणायचं. पडद्यावर कोणी बघायचंच नाही. मला बर्मी भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण त्या चाळीतलं प्रत्येक बिऱ्हाड मला पाठ झालं. नव्या माणसाला वेड लागेल असं काम होतं. संदेश जुना टायपिंगवाला, शिवडीचा, त्याच्या बोटांना दिसेल तसं मारायची सवय. तो म्हणायचा, "ताई, शाळेत मी हजेरीच्या वेळेला पळून जायचो, ते आता वसूल होतंय."

शेजारचा खोकेवाला बरेच दिवस भिंतीपलीकडून ऐकत होता. दहा-एकोणीस, हजर. दहा-एकतीस, हजर. दहा-शून्य-पाच, हजर. एके दुपारी तो दारात येऊन उभा राहिला आणि लाजत म्हणाला, "दीदी, हमको भी एक टिकट दो ना." त्याला वाटत होतं आम्ही रोज जेवणानंतर हाउजी खेळतो. ताईंनी गंभीर चेहऱ्याने त्याच्या हातात बर्मी मजकुराचं एक पान दिलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "इसमें लाइन कैसे होगा?" त्यानंतर महिनाभर तो भेटला की ताई विचारायच्या, "लाइन हुआ क्या?"

चांगल्या होत्या म्हणून सगळंच चांगलं होतं असं नाही. सुट्टी मागितली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू मी किडनी मागितलीय. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तर म्हणाल्या, "कागद नको, फाइल पाठव." फाइल उघडून त्यांनी निकाल दिला, "नवऱ्याचं नाव जुन्या फॉन्टात आहे. लग्नाआधी दुरुस्त करून घे, नंतर जड जातं." माझ्या सासरी हे कोणालाच विनोदी वाटलं नाही. आईला मात्र त्या आवडल्या. ती म्हणाली, "बाई तिरसट आहे, पण जे बोलते ते तुझ्या तोंडावर बोलते. अशी माणसं जपावी."

आणि ताईंना ज्यांनी जपलं होतं, ते एक बर्मी भिक्खू, भन्ते.

शिवडीच्या बाजूला एका चाळीच्या मागे एक लहानसा विहार आहे. भन्ते तरुणपणी ब्रह्मदेशातून आले आणि त्या विहारात राहिले ते राहिलेच. रविवारी आसपासच्या चाळींतल्या मुलांना ते पाली शिकवायचे. ताई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या, वर्गात सगळ्यात जास्त बडबड करणाऱ्या. त्यांना गप्प बसवायला भन्तेंनी एकदा पाटीवर आपल्या लिपीतली अक्षरं काढून दिली आणि म्हणाले, ही गिरव. ताई म्हणायच्या, "मी म्हटलं, या तर सगळ्या बांगड्याच आहेत. तर म्हणाले, नीट बघ, प्रत्येक बांगडी वेगळ्या ठिकाणी फुटलीय." त्या एका वाक्याने ही बाई आयुष्यभराची कामाला लागली.

भन्ते मराठी शिकले ते दान घेऊन येणाऱ्या बायकांकडून. त्यामुळे त्यांचं मराठी अस्सल गिरणगावातलं, मालवणी फोडणी घातलेलं. भगव्या चिवरातला तो किडकिडीत म्हातारा हात उंचावून 'काय गो, जेवलीस काय?' असं विचारायचा तेव्हा पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकायचा. मी दचकले होते.

भन्तेंनी बर्मीमध्ये एक पुस्तक लिहिलं होतं. धर्मावर नाही, माणसांवर. इथली माणसं कशी राहतात, कशी बोलतात, बुद्धाकडे कशी वळली, कोणाच्या घरची आमटी कशी असते, असं सगळं, आपल्या गावच्या लोकांनी वाचावं म्हणून. विहारातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते वर्षानुवर्षं एका बोटाने लिहीत बसायचे, अर्थात त्या जुन्या फॉन्टमध्ये. पुस्तक संपत आलं आणि काचबिंदूने डोळे गेले.

मग त्यांनी गावी परत जायचं ठरवलं, कायमचं. वर्षावास सुरू व्हायच्या आत पोचायचं होतं. वर्षावासात भिक्खूंनी तीन महिने एकाच ठिकाणी राहायचं असतं, तो इथे लागला की इथेच अडकले. आणि त्यांची एक अट होती, ती त्यांनी ताईंना बोलावून सांगितली. मी सोबत होते.

"पुस्तक मला एकदा ऐकायचा हाय. चुका असतील त्या काढायच्या. न ऐकता मी नाय नेणार गो. इथेच ठेवून जाणार."

विहारातल्या कोणी तरी त्यांना मोबाईलकडून मजकूर वाचून घ्यायला शिकवलं होतं. बर्मी बातम्या तो त्यांना घडाघड वाचून दाखवायचा. त्यांचं पुस्तक उघडलं, की मात्र बरळायचा. फोन डोळ्यांनी थोडाच वाचतो, तो आतले नंबर वाचतो, आणि आत सगळी बिऱ्हाडं भलत्याच खोल्यांत. भन्तेंनी त्याला आईसाठी असलेला त्यांचा शब्द वाचायला दिला होता, अमे. इतका साधा शब्द, पण त्यात नेमका तो ए-कार. फोनला तो म्हणता आला नाही.

"मी वाचून दाखवते," ताई म्हणाल्या. त्यांना लिपी येत होती, भाषा जेमतेम. अर्धं पान त्यांनी वाचलं. भन्ते हसायला लागले. "बाय, तू वाचतेस ते ऐकून माझ्या गावचा कुत्रापण मला ओळखणार नाय."

ताई विहारातून तडक बाहेर पडल्या. गाळ्यात आल्यावर त्यांनी बाकीची सगळी कामं बाजूला ठेवली. चष्मा डोक्यावर असताना तो ड्रॉवरमध्ये शोधत त्या म्हणाल्या, "आयुष्यभर सांगत आले, जे दिसत नाही ते बरोबर पाहिजे. आता खरंच ज्याला दिसत नाही असा वाचक आलाय. आणि तो माझा गुरुजी आहे."

त्यांनी स्वतः बसून एक प्रोग्राम लिहिला. जुन्या खोल्यांतली बिऱ्हाडं उचलून खऱ्या पत्त्यावर नेणारा. बहुतेक पुस्तक सरळ झालं. काही शब्द मात्र हट्टी निघाले. तिथे ए-काराच्या शेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसायचं. म्हणजे ए-कार आधीच येऊन बसलाय आणि त्याला अक्षर सापडत नाहीये. ते शब्द हाताने दुरुस्त करायचं काम संदेशकडे दिलं.

एकीकडे भन्तेंची जायची तयारी सुरू झाली होती. विहारात रोज माणसं पाया पडायला यायची. आम्ही एकदा गेलो तेव्हा ते भिंतीला हात लावून लावून चालत होते, आणि ताईंचा आवाज ऐकल्यावर थांबून म्हणाले, "झाला काय गो?" त्या संध्याकाळी ताईंनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. म्हणाल्या, "या वेळी हजेरी राहू दे. संदेशचं झालं की नेऊन देऊ. भन्ते थांबलेत." संदेशने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आम्हाला दोघांना बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुस्तक फोनवर घालून आम्ही विहारात नेलं. भन्ते वेताच्या खुर्चीवर बसले, फोन स्टुलावर ठेवला. वाचन सुरू झालं. पहिली काही वाक्यं ऐकताना त्यांचा चेहरा असा उजळला, की मी ताईंचा हात धरला. मग फोन अडखळला. पुन्हा नीट. मग पुन्हा बरळला, आणि दर दोन-चार ओळींनी बरळतच राहिला. भन्ते खूप वेळ ऐकत राहिले, जणू पुढे कुठे तरी त्यांचं पुस्तक पुन्हा भेटेल. मग त्यांनी चाचपडत फोन उचलला आणि मांडीवर उपडा ठेवला.

ताईंनी तिथेच लॅपटॉप उघडला. पडद्यावर ते पान अगदी देखणं दिसत होतं. ठिपक्यांची वर्तुळं सगळी गेलेली. ताईंनी एका शब्दावर बोट ठेवून त्याचा फॉन्ट बघितला. संदेशने त्या हट्टी शब्दांच्या जागी पुन्हा मूळचा, न बदललेला मजकूर ठेवून त्यावर जुना फॉन्ट चढवला होता. त्याच्या धंद्यात वर्षानुवर्षं हेच करायचे. नडलेला शब्द दिसायला बरोबर केला की पान छापायला जायचं.

"ताई, दिसत तर होतं ना बरोबर," संदेश हळूच म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं.

मला वाटलं आता ताई त्याला सोलून काढणार. त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भन्ते, चूक त्याची नाही, माझी आहे. मी हजेरी घेतली नाही."

भन्ते म्हणाले, "मग घे."

आम्ही घेतली. पहिल्या पानापासून सबंध पुस्तकाची. सकाळी गाळा उघडला की सुरू, संध्याकाळी घसा बसला की बंद. संदेश वाचायचा, मी पेन्सिल टेकवायची, ताई मधे बसून ऐकायच्या. प्रत्येक ए-कार अक्षराच्या मागे गेलाय की नाही, ते कानाने. बर्मीतला व आणि बर्मीतलं शून्य दिसायला सारखंच, न फुटलेली अख्खी बांगडी. व राहतो दहा-एक-डीमध्ये, सोळाच्या हिशेबात नवानंतर ए-बी-सी-डी लागतात, आणि शून्य दहा-चाळीसमध्ये. भन्तेंनी घाईत कैक ठिकाणी एकाच्या जागी दुसरं मारलं होतं. डोळ्याला सात जन्मात सापडलं नसतं. संदेश 'दहा-चाळीस' म्हणाला की ताई हात वर करायच्या. "शब्दाच्या पोटात शून्य? उचला त्याला." खोकेवाला मधेमधे चहा आणून द्यायचा. हाउजी नाही हे त्याला एव्हाना कळलं होतं, पण काय आहे ते त्याने विचारलं नाही. आमचे चेहरे बघून त्याने त्याच्याकडचा रेडिओ बंद ठेवला होता.

शेवटची हजेरी झाली तेव्हा भन्तेंचं निघणं अगदी तोंडावर आलं होतं. दुपारची वेळ, विहारात जेवणं आटोपली होती, बायका भांडी आवरत होत्या. आम्ही फोन स्टुलावर ठेवला. ताई बसल्या नाहीत, खांबाला टेकून उभ्या राहिल्या. हातात आकड्यांचे कागद.

फोनने वाचायला सुरुवात केली आणि वाचत राहिला. कुठे अडखळला नाही, बरळला नाही. भन्तेंचे ओठ त्याच्या मागोमाग हलत होते. मधेच ते खुदकन हसले. मधे एकदा त्यांनी चिवराच्या टोकाने डोळे पुसले. आम्हाला काहीच कळत नव्हतं. ज्या पुस्तकातलं अक्षर न् अक्षर आम्ही मोजलं होतं, त्यात नेमकं काय लिहिलंय ते आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

बरंच वाचून झाल्यावर भन्तेंनी हात वर केला. "थांबव. इथे चूक हाय."

कुठलं पान ते बघून ताईंनी कागद चाळले आणि उभ्या उभ्या आकडे वाचायला लागल्या. संदेश शेजारी जाऊन पेन्सिल टेकवायला लागला. सगळे हजर होते.

"आकडे नको गो वाचू," भन्ते म्हणाले. "आकडे बरोबर हायत. मीच चुकलाय."

मग त्यांनी सांगितलं. ते इथे आले त्या पहिल्या वर्षी त्यांना मराठी येत नव्हतं. समोरच्या चाळीत रोज संध्याकाळी माणसं जमायची आणि तावातावाने ओरडायची, एक बाई रडायची, एक जण तिच्यावर हात उगारायचा. भन्तेंनी ते मनात ठेवलं आणि पुढे पुस्तकात लिहिलं, की इथली माणसं मनाने फार मोठी, पण रोज भांडतात. कैक वर्षांनी त्यांना कळलं, की ती नाटकाची तालीम होती. पण लिहिलेलं तसंच राहून गेलं होतं.

"आता मी गेलो, की माझ्या गावात पोरंबाळं वाचणार, की ही माणसं भांडखोर. ज्यांनी मला जेवायला घातलं ती." त्यांनी स्टुलावरचा फोन चाचपला. "नशीब, ऐकायला मिळाला."

मी लॅपटॉप पुढे ओढला, म्हटलं, सांगा भन्ते, मी बदलते. ताईंनी माझं मनगट धरलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांनी फोन भन्तेंच्या हातात दिला, बर्मी अक्षरं लावली आणि त्यांचं बोट नेमक्या जागी टेकवलं.

भन्ते लिहायला लागले. बोट फिरवायचे, फोन अक्षर बोलायचा, ते हवं तिथे थांबून दाबायचे. जुन्या सवयीने ए-कार आधी दाबला गेला, की जीभ चावायचे, पुसायचे आणि अक्षर आधी दाबायचे. एकच वाक्य होतं, पण भांडी आवरलेल्या बायका हात पुसून येऊन बसल्या तरी चालू होतं. कोणी घाई केली नाही. ताई रडत होत्या. डोळे न पुसता, न लपवता, लहान मुलासारख्या रडत होत्या, आणि मला त्या क्षणी त्यांच्या इतकं कोणीच आवडत नव्हतं.

वाक्य संपलं. ताईंनी फोन आपल्या हातात घेऊन त्याला ते एकसलग वाचायला लावलं. भन्तेंनी समाधानाने मान डोलावली.

बायकांत एक म्हाताऱ्या मावशी बसल्या होत्या, नव्वदीला टेकलेल्या. त्यांनी विचारलं, "काय लिवलाव, भन्ते?"

"लिवलंय, की तुम्ही भांडत नव्हतात. नाटक बसवत होतात."

त्या नाटकात रडणारी बाई म्हणजे या मावशीच. त्या म्हणाल्या, "तसं नाय भन्ते. तालीम सुटल्यावर आम्ही खरंपण भांडायचो."

सगळे हसले. भन्ते हसले नाहीत. "मग तेपण लिवायला पायजे," ते म्हणाले, आणि त्यांनी फोनसाठी ताईंकडे हात पुढे केला.